वकील, वकिलात आणि मोठी खाला

आमच्या घरात ‘वकील’ हा शब्द कोर्टकचेरीतून आला नाही, निकाहातून आला. नवरी आतल्या खोलीत बसलेली असते, नवरदेव बाहेर मांडवात. मग एक वडीलधारा माणूस उठतो, दोन साक्षीदार घेऊन आत जातो आणि नवरीला विचारतो, अमक्याच्या मुलाशी, इतक्या मेहेरवर तुझा निकाह पढवायचा आहे, तुला कबूल आहे का? तिचा होकार घेऊन तो बाहेर येतो आणि सगळ्या मजलिसीला सांगतो. तो तिचा वकील. त्याचं काम एवढंच. आतला शब्द बाहेर न्यायचा, त्यात स्वतःचं काही मिसळायचं नाही.

1962 साली माझ्या मोठ्या खालाचा निकाह झाला तेव्हा तिचा वकील तिचा मामू होता. अम्मी सांगायची, मामू आत आला तेव्हा मोठी खाला इतकी रडत होती की होकार दिला की हुंदका दिला हेच त्याला कळेना. त्यानं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “कबूल म्हटलं ना!” बायका हसल्या आणि मामू बाहेर गेला. नवरा कराचीच्या गोदीत कामाला होता.

आज ऐकताना धक्का बसतो, पण दाभोळच्या खाडीकाठच्या आमच्या गावाला तेव्हा कराचीची स्थळं नवी नव्हती. आमची माणसं पिढ्यान् पिढ्या खलाशी. मुंबई, कराची, बसरा, एडन ही आमच्यासाठी एकाच रस्त्यावरची बंदरं होती. 1936 पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतल्या एका जुन्या नामांकित शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव आहे. कोकणी मुसलमानांची वस्तीही तिथे आहे. 1952 पासून दोन देशांत पासपोर्ट आणि व्हिसा सुरू झाला होता, पण गावातल्या लोकांना तो बोटीच्या तिकिटासारखाच एक कागद वाटायचा. कागद काढायचा आणि बोटीत बसायचं. तो कागद एक दिवस मिळेनासा होईल असं त्या मांडवातल्या एकाही माणसाला वाटलं नसेल.

तीन वर्षांनी 1965 चं युद्ध झालं. मग 1971 चं. 1971 मध्ये दोन्ही देशांनी राजनैतिक संबंधच तोडले आणि ते थेट 1976 साली पुन्हा जुळले. मधल्या काळात एकमेकांच्या देशातलं कामकाज स्वित्झर्लंडनं पाहिलं. त्या वर्षांत मोठ्या खालाची पत्रं कुवेतमार्गे यायची. तिच्या दिराचा एक मित्र कुवेतला होता, तो पाकीट बदलून इकडे टाकायचा. सरकारांनी स्वित्झर्लंडला वकील केलं, आमच्या घरानं कुवेतच्या त्या माणसाला.

मोठी खाला आली ती 1983 साली, आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा. मी नऊ वर्षांचा होतो. तेव्हा कराचीत भारताची वकिलात होती, त्यामुळे तिला व्हिसा तिच्याच शहरात मिळाला. पण इथे पोचल्यावर चोवीस तासांच्या आत पोलिसांत नोंद करायची अट होती. अब्बा कुवेतला होते, म्हणून तिच्याबरोबर मामू आणि मी तालुक्याला गेलो. ठाणे अंमलदारानं रजिस्टर उघडलं. नाव, बापाचं नाव, पासपोर्ट क्रमांक. मग जन्मठिकाण. खालानं आमच्या गावाचं नाव सांगितलं. त्यानं मान वर करून पाहिलं. “म्हणजे इथलंच?” खाला म्हणाली, “इथलंच. त्या पुलापलीकडलं.” त्यानं लिहिलं. पुढच्या रकान्यात राष्ट्रीयत्व होतं. तेही लिहिलं. ज्या तालुक्यात ती जन्मली, जिथल्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली, तिथल्या रजिस्टरमध्ये ती परदेशी नागरिक म्हणून नोंदली गेली. त्या माणसानं काही वाईट केलं नाही. उलट तिला बसायला खुर्ची दिली, मला पाणी दिलं. नियमच तसा होता. पण परत येताना एस.टी.त खाला खिडकीबाहेर बघत राहिली, एक शब्द बोलली नाही. एवढं मला आठवतं.

त्यानंतर ती आली नाही. 1994 साली कराचीतली भारताची वकिलात बंद झाली. मुंबईतही आज पाकिस्तानची वकिलात नाही. जिना यांनी 1936 च्या सुमारास मलबार हिलवर क्लॉड बॅटली या वास्तुविशारदाकडून बांधून घेतलेला बंगला आपल्या वकिलातीसाठी मिळावा अशी पाकिस्तानची जुनी मागणी होती, ती मान्य झाली नाही. याच बंगल्यात 1944 साली गांधी आणि जिना यांची बोलणी झाली होती, आणि स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं तिथे ब्रिटिशांच्या उपउच्चायुक्तांचं वास्तव्य होतं. या साऱ्याचा आमच्यापुरता अर्थ साधा होता. मुंबई ते कराची विमानाचं अंतर नऊशे किलोमीटरही नाही. पण आमच्या माणसाला व्हिसासाठी मुंबईहून चौदाशे किलोमीटरवरच्या दिल्लीला जावं लागतं आणि कराचीच्या माणसाला साधारण तेवढंच लांब इस्लामाबादला. दोन बहिणींना भेटायचं तर दोघींनी आधी उत्तरेला तोंड करायचं.

2013 च्या शेवटी धाकट्या खालानं हट्ट धरला. तिला पासष्ट पूर्ण झाली होती आणि मोठी सत्तरीची. “आता नाही गेले तर कधी जाणार?” 2012 च्या सप्टेंबरात दोन देशांत व्हिसाचा नवा करार झाला होता. त्यात नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांना तीनऐवजी पाच ठिकाणांचा व्हिसा मिळणार होता आणि पासष्टच्या वरच्या माणसांना पोलिसांत हजेरी माफ होती. मी तो भाग तिला वाचून दाखवला. पाच गावांचं तिला काही वाटलं नाही. पोलिसांची हजेरी माफ, हे मात्र तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतलं. 1983 चं ते रजिस्टर तिच्याही डोक्यात होतं तर.

दिल्लीला जाऊनच अर्ज द्यायचा असं आम्ही ठरवलं. जानेवारी 2014, कडाक्याची थंडी. निजामुद्दीनजवळच्या एका गेस्ट हाउसात उतरलो आणि सकाळी रिक्षानं चाणक्यपुरीला निघालो.

ज्यांनी चाणक्यपुरी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. 1950 च्या दशकात परदेशी वकिलातींसाठी सरकारनं ही वसाहत वसवली. नाव ठेवलं राजनीतीचा बाप असलेल्या चाणक्याचं, आणि रस्त्यांची नावं ठेवली शांतीपथ, न्याय मार्ग, नीती मार्ग, सत्य मार्ग, पंचशील मार्ग. एकट्या शांतीपथावर अमेरिका, ब्रिटन, रशिया, चीन, जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया आणि पाकिस्तान. जे देश एकमेकांवर तोफा रोखतात ते इथे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतात आणि सकाळी त्यांचे माळी एकाच पाइपानं झाडांना पाणी घालत असतील असं वाटतं. खाला रिक्षातून बाहेर बघत होती. म्हणाली, “एवढे मोठे बंगले, आणि माणूस दिसत नाही एकही.”

माणसं दिसली ती निळ्या घुमटांच्या इमारतीच्या बाजूच्या भिंतीपाशी. इतर वकिलातींच्या बाहेर विद्यार्थी असतात, सुटाबुटातले व्यापारी असतात, फायली घेतलेले एजंट असतात. या रांगेत बहुतेक म्हातारी माणसं. लखनौ, भोपाळ, हैदराबाद, रामपूर. मालेगावचे एक बुजुर्ग भेटले. त्यांनी आम्हाला मराठी बोलताना ऐकलं आणि जवळ आले. त्यांचा भाऊ कराचीत होता. दोघं भाऊ एकाच यंत्रमागावर काम शिकले होते. रांगेत कोणी कोणाला “का जाताय?” असं विचारत नव्हतं. “कोण आहे तिकडे?” असं विचारत होतं. बहीण, भाऊ, लेक. उत्तर देणारा उत्तर देताना रस्त्यापलीकडच्या पोलिसाकडे एकदा बघून घेई. ती नजर मी ओळखतो. तुमच्यापैकी बरेच जण ओळखत असतील. आपण काही चूक करत नाही आहोत हे पक्कं ठाऊक असतानाही आवाज खाली येतो, ती ही नजर.

खिडकीवर आमचा नंबर लागला तेव्हा दुपार झाली होती. आतल्या तरुण कारकुनानं अर्ज पाहिला. पाच ठिकाणांसाठी पाच ओळी होत्या. खालानं एकच भरली होती, कराची. तो म्हणाला, “और शहर लिख सकती हैं आप. लाहोर, इस्लामाबाद?” खाला म्हणाली, “लाहोर मां मेरा कोन है?” तिचं हिंदी आमच्या गावचं हिंदी. तो हसला. “कितने साल बाद मिलेंगी?” “इकतीस.” त्यानं पेन खाली ठेवलं, तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि शिक्का मारला. अर्ज घेतल्याचाच तो शिक्का, व्हिसा यायला पुढे दोन महिने गेले. पण खाला बाहेर येऊन मला म्हणाली, “भला माणूस आहे. आईनं वळण लावलंय.”

त्या दिवशी अजून एक गोष्ट पाहिली. अमेरिकन वकिलातीजवळचा एक रस्ता मोकळा दिसत होता. रिक्षावाल्यानं सांगितलं, महिन्याभरापूर्वीपर्यंत इथे सिमेंटचे मोठे अडथळे होते, सरकारनं उचलून नेले. प्रकरण आपल्या मराठी माणसांच्या चांगलं लक्षात असेल. डिसेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्कमधल्या भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना घरकामगाराच्या व्हिसा अर्जात खोटी माहिती दिल्याच्या आरोपावरून अटक झाली आणि त्यांची अंगझडती घेतली गेली. इकडे संताप उसळला आणि पाचव्या दिवशी दिल्लीतले ते अडथळे निघाले. अमेरिकेचं म्हणणं होतं की त्या वकिलातीतल्या वाणिज्य अधिकारी आहेत, राजदूतावासातल्या नाहीत.

हा फरक तेव्हा मला पहिल्यांदा कळला. राजदूतावास देशाच्या राजधानीत असतो, तो सरकारशी बोलतो. वाणिज्य दूतावास दुसऱ्या शहरांत असतो, तो माणसांशी बोलतो, म्हणजे व्हिसा, पासपोर्ट, जन्ममृत्यूचे दाखले. राष्ट्रकुलातले देश एकमेकांच्या राजदूताला उच्चायुक्त म्हणतात, म्हणून भारत आणि पाकिस्तान यांच्यात ‘उच्चायोग’ असतो. दोन्हींसाठी नियम वेगळे. 1961 चा व्हिएन्ना करार राजदूतांसाठी, 1963 चा वाणिज्य दूतांसाठी. राजदूताला अटकच करता येत नाही. वाणिज्य दूताला संरक्षण मुख्यतः त्याच्या सरकारी कामापुरतं. म्हणूनच खोब्रागडे यांची बदली संयुक्त राष्ट्रांतल्या भारतीय कचेरीत करण्यात आली, तिथे पूर्ण संरक्षण लागू झालं आणि जानेवारीत त्या परतल्या. त्या घरकामगार बाईचं काय झालं, हा प्रश्न मात्र आपल्याकडच्या संतापात फारसा कोणी विचारला नाही. तीही कोणाची तरी बहीण असणारच.

अजून एक गैरसमज माझा होता. वकिलातीची जमीन म्हणजे परक्या देशाची जमीन असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तसं नसतं. जमीन यजमान देशाचीच राहते, कायदाही त्याचाच. फक्त परवानगीशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, असा शब्द यजमानानं दिलेला असतो. वर त्या इमारतीचं रक्षण करण्याची जबाबदारीही यजमानाचीच. म्हणून निळ्या घुमटाबाहेर पहारा आपल्या पोलिसांचा होता. आपल्या घरात पाहुण्याला खोली दिली की भिंती आपल्याच असतात, पण दार न ठोठावता आपण आत जात नाही. तसंच हे. आणि पाहुणा नकोसा झाला तर कारण न देता निघून जा म्हणण्याचा हक्कही यजमानाला करारानं दिला आहे.

हे काही पाश्चात्त्यांनीच शोधून काढलेलं नाही. आपल्या मराठी मुलखात हेजीब आणि वकील हे शब्द शतकानुशतकं चालत आले, दोन्ही अरबीतून आलेले. प्रतापगडाच्या भेटीआधी अफझलखानाचा वकील म्हणून महाराजांकडे आला तो कृष्णाजी भास्कर, आणि महाराजांचा वकील होता पंताजी गोपीनाथ. महाराजांच्या फारसी पत्रव्यवहारासाठी होता काझी हैदर. शब्द कोणाच्या तोंडून जातो यापेक्षा तो न बदलता पोचतो का, याला तेव्हाची माणसं जास्त किंमत देत. दूताला मारायचं नाही हा दंडक तर आपल्या हदीसमध्येही आहे. पैगंबरांच्या विरोधात उभा राहिलेल्या, स्वतःला पैगंबर म्हणवणाऱ्या मुसैलिमाचे दूत आले, उद्धट बोलले, तरी ते सुखरूप परत गेले.

हा दंडक मोडला जातो तेव्हा काय होतं हे पुणेकर रोज पाहतात, फक्त त्यांच्या लक्षात नसतं. मुठेवरचा म्हात्रे पूल ज्यांच्या नावाचा, ते रवींद्र म्हात्रे बर्मिंगहॅमच्या भारतीय कचेरीतले अधिकारी. फेब्रुवारी 1984 मध्ये काश्मीरच्या नावानं बंदूक उचललेल्या एका टोळीनं त्यांचं अपहरण केलं आणि त्यांना ठार मारलं. ज्यांनी मारलं ते स्वतःला मुसलमान म्हणवत होते. त्यांना ती हदीस कोणी शिकवली नव्हती, की शिकवूनही कळली नव्हती, अल्लाह जाणे. मी पुण्यात असतो तेव्हा त्या पुलावरून जाताना फातिहा पढतो. मागे बसलेला मुलगा विचारतो, “अब्बा, इथे कोण वारलं?” त्याला सांगतो.

व्हिसा मार्चमध्ये आला. धाकटी खाला तिच्या मुलाबरोबर जोधपूरला गेली आणि भगत की कोठी स्टेशनातून थार एक्स्प्रेसनं निघाली. ही गाडी आठवड्यातून एकदा सुटायची. मुनाबावला सगळं सामान उतरवून तपासलं जायचं, सीमेपलीकडे गाडी बदलायची. तिच्या बोचक्यात कोकमं होती, फणसपोळी होती, आणि एक पितळी घंटी होती. घंटी आमच्या गावच्या शाळेत पूर्वी शिपाई वाजवायचा ती नव्हे, पण तशीच. मोठ्या खालाबरोबर शाळेत असलेल्या एका गुरव काकांनी चिपळूणच्या बाजारातून आणून दिली होती. म्हणाले, “तिला सांगा, मधली सुट्टी झाली.” तपासणीत शिपायानं घंटी वाजवून पाहिली आणि काही न बोलता परत ठेवली.

महिनाभर दोघी बहिणी एका खोलीत झोपल्या. परत आल्यावर खालानं जे सांगितलं त्यात कराची फार कमी होती. समुद्र आपल्यासारखाच आहे, सुरमई महाग आहे, एवढंच. बाकी सगळं बहिणीबद्दल. तिच्या नातवंडांना कोकणी येत नाही. ती उर्दूत बोलते, उर्दूत रागावते. पण भाजीवाल्याचे पैसे मोजताना तोंडातल्या तोंडात मराठीत मोजते. सतरा, अठरा, एकोणीस. नातवंडं हसतात. पाढे तर एकोणतीसपर्यंत पाठ. घंटी तिनं दाराला बांधली.

निघताना मोठी म्हणाली होती, “पुढच्या खेपेला मी येईन. व्हिसा काढते.”

ती पुढची खेप दोनतीनदा ठरली. कधी तिची तब्येत, कधी सीमेवरची तब्येत. मग ऑगस्ट 2019 आला. पाकिस्ताननं भारताच्या उच्चायुक्तांना परत पाठवलं, आपला उच्चायुक्त दिल्लीला पाठवायचा नाही असं ठरवलं. थार एक्स्प्रेस बंद झाली, समझौता एक्स्प्रेस बंद झाली. जून 2020 मध्ये दोन्ही उच्चायोगांतले कर्मचारी निम्मे झाले, 110 चे 55. वर्तमानपत्रात ही आकड्याची बातमी आतल्या पानावर होती. मी ती खालाला वाचून दाखवली नाही. तरी तिला कळलीच. तिनं विचारलं, “तो भला पोरगा राहिला असेल का रे?”

मोठी खाला 2022 च्या रमजानमध्ये गेली. अकराव्या रोज्याला. भाच्यानं फोन केला आणि आम्ही तिची मय्यत मोबाईलवर पाहिली. नेटवर्क तुटत होतं. खाला फोन अगदी डोळ्यांजवळ धरून बसली होती. जनाजा उचलला तेव्हा दार उघडलं गेलं आणि घंटी वाजली. आम्ही सगळ्यांनी ऐकली. खाला म्हणाली, “सुट्टी झाली.” आणि मग ती जी रडली.

मला ठाऊक आहे, हे वाचताना काही जण म्हणतील, एवढं होऊनही तुम्हाला त्यांच्याशी नातं हवंच का? प्रश्न चुकीचा नाही. एप्रिल 2025 मध्ये पहलगामला 26 माणसं मारली गेली. त्यात महाराष्ट्रातली सहा होती, डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. धर्म विचारून मारलं. घोडेवाला एक स्थानिक मुसलमान होता, तोही मेला. त्या संध्याकाळी आमच्या गावच्या मशिदीत दुआ झाली आणि दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. सरकारनं जे केलं, अटारीची तपासणी चौकी बंद केली, व्हिसा रद्द केले, उच्चायोगातली माणसं 55 वरून 30 वर आणायला लावली, त्यावर राग धरण्याचा मला हक्क वाटत नाही. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांच्यापुढे माझ्या खालाची भेट ही फार लहान गोष्ट आहे. तीही हेच म्हणते.

पण 30 उरली, शून्य झाली नाहीत, याचं मला मोल वाटतं. कारण ती 30 माणसं काय करतात ते मी नंतर शोधून वाचलं. 2008 च्या करारानुसार दोन्ही देश दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला एकमेकांच्या तुरुंगातल्या कैद्यांची आणि कोळ्यांची यादी एकमेकांना देतात. 1 जुलै 2025 लाही दिली. मे महिन्यात क्षेपणास्त्रं सुटून दोन महिनेही झाले नव्हते, तरी दिली. त्या यादीत गुजरातचे कोळी असतात, आपल्या पालघरचे असतात. मासे पकडता पकडता अदृश्य रेषा ओलांडलेली माणसं. त्यांच्या बायकांना आपला नवरा जिवंत आहे हे या यादीतून कळतं. कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात 2019 च्या जुलैत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं पाकिस्तानला दोषी धरलं ते याच मुद्द्यावर, की आपल्या वकिलातीच्या माणसाला भेटण्याचा कैद्याचा हक्क त्यांनी डावलला. तो हक्क 1963 च्या व्हिएन्ना करारात आहे. ज्या देशाशी आपलं अजिबात पटत नाही, त्याच देशात आपल्या माणसाला वकील सर्वांत जास्त लागतो. मित्राच्या घरी तो लागतोच असं नाही.

आणि एकदा बंद झालेलं दार उघडतं, हेही याच मुंबईनं पाहिलं आहे. इस्रायलला भारतानं 1950 साली मान्यता दिली, पण पूर्ण राजनैतिक संबंध 1992 साली आले. मधली सारी वर्षं देशात त्यांची एकच कचेरी होती, ती मुंबईतली वाणिज्य वकिलात. आमच्या शेजारच्या रायगडातले शनवार तेली, म्हणजे मराठी बोलणारे बेने इस्रायली, हजारोंच्या संख्येनं तिकडे गेले आणि तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढत राहिले. सरकारांचं बोलणं जेमतेम चालू होतं, पण एक खिडकी उघडी होती, म्हणून अलिबागची म्हातारी तेल अवीवच्या लेकीला भेटू शकली. राजकारणात मी फिलिस्तिनींच्या बाजूचा माणूस आहे, ते लपवत नाही. पण त्या म्हातारीला खिडकी मिळाली याचा मला आनंदच आहे. खिडकीचा हिशेब वेगळा ठेवावा असं मला वाटतं.

गेल्या वर्षी खालाच्या नातीचा निकाह झाला. मुलगा आखातात नोकरीला. तिला तिकडे नेण्यासाठी निकाहाचा दाखला आधी मंत्रालयात, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी त्या देशाच्या मुंबईतल्या वकिलातीकडून प्रमाणित करून घ्यायचा होता. कोकणातल्या प्रत्येक घराला ही वाट पाठ आहे. आमच्या पोरांना बाराखडीनंतर अटेस्टेशन शिकवतात म्हणायला हरकत नाही. खाला तेव्हा डोळ्यांच्या तपासणीसाठी मुंबईत होती. ती म्हणाली, मीही येते. एजंट वकिलातीच्या रस्त्यावरच कागद देणार होता.

आम्ही पोचलो, एजंटची वाट बघत उभे राहिलो. फाटकावर झेंडा होता, अरबी आणि इंग्रजीत पाटी होती, खुर्चीवर आपलाच एक मराठी सुरक्षारक्षक बसला होता. मी फोनवर बोलत होतो तेवढ्यात खाला काठी टेकत त्याच्यापाशी गेली.

“भाऊ, इथून कराचीचा व्हिसा मिळतो का?”

तो गोंधळला. मी धावत गेलो, तिला बाजूला घेतलं. “खाला, ही वकिलात दुसऱ्या देशाची आहे. इथून कसा मिळेल?”

“ठाऊक आहे रे मला,” ती म्हणाली. “कबरीवर जाऊन यायचं होतं. विचारायला काय जातंय?”

रक्षकानं उठून तिला आपली खुर्ची दिली.